'लाइव्ह बुलेट' पहिल्यांदा ऐकताना

अमेरिकन रॉक गायक बॉब सीगरचा 'लाइव्ह बुलेट' हा पब्लिकसमोर रेकॉर्ड झालेला अल्बम पहिल्यांदा ऐकणाऱ्याची अडचण बहुतेक वेळा गाण्यांशी नसते, पब्लिकशी असते. एखादं गाणं सुरू होतं आणि दुसऱ्याच क्षणी हजारो माणसं ओरडतात. आपण ते गाणं कधी ऐकलेलं नसतं. ही माणसं एवढी का पेटली, ते कळत नाही. मग वाटतं, जुना रॉक आहे, गोंगाट जरा जास्तच आहे, आणि आपण पुढच्या गाण्यावर जातो.

माझंही असंच झालं होतं. चिंचवडहून मिशिगनला कामासाठी आलो, तेव्हा प्लँटमधल्या एका जुन्या सहकाऱ्यानं या अल्बमचं नाव घेतलं. मी फोनवर लावला, शफल चालू, कानात इअरफोन, समोर लॅपटॉप. तीन-चार गाण्यांत सोडून दिला. वर्षभरानं नीट बसून ऐकला तेव्हा कळलं, यात ऐकायचं ते निम्मं स्टेजवर आहे आणि निम्मं समोर बसलेल्यांत. हा लेख त्या दुसऱ्या निम्म्यासाठी. रॉकची सवय नसली तरी चालेल.

आधी एवढं माहीत असू द्या

आडनावाचा उच्चार 'सीगर', सेगर नाही. जन्म १९४५चा, वाढला मिशिगन राज्यात, डेट्रॉईटजवळच्या अ‍ॅन आर्बरमध्ये. वडील फोर्डमध्ये नोकरीला होते. सीगर साधारण दहा वर्षांचा असताना ते घर सोडून गेले, आणि त्यानंतर त्या घरानं ओढाताणीचे दिवस काढले. विशीत तो डेट्रॉईटच्या आसपासच्या क्लबांत गाऊ लागला. १९६६-६७ मध्ये त्याच्या 'ईस्ट साइड स्टोरी' आणि 'हेवी म्युझिक' या रेकॉर्ड त्या भागात जोरात चालल्या. 'हेवी म्युझिक' बाकी देशात पोचायला लागणार, तेवढ्यात ती काढणारी कंपनीच बसली. १९६८ च्या शेवटी 'रॅम्ब्लिन गॅम्ब्लिन मॅन' आलं आणि अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १७ व्या क्रमांकापर्यंत चढलं. त्यातला मागचा आवाज ग्लेन फ्राय या डेट्रॉईटच्याच पोराचा आहे, जो पुढे ईगल्स या बँडमध्ये गेला.

त्यानंतरची सहा-सात वर्षं मात्र कोरडी गेली. अल्बम येत होते, बाहेर विकले जात नव्हते. मिशिगनमध्ये त्याला ऐकायला हॉल भरायचे, आणि राज्याची हद्द ओलांडली की बऱ्याच ठिकाणी तो दुसऱ्या कुणाच्या तरी कार्यक्रमाआधी गाणारा माणूस असायचा. वर्षाचे कितीतरी दिवस गाडीत, एका गावाहून दुसऱ्या गावी.

अशा माणसानं ४ आणि ५ सप्टेंबर १९७५ ला डेट्रॉईटच्या कोबो हॉलमध्ये दोन रात्री गायल्या, आणि त्या टेपवर घेतल्या गेल्या. गुरुवार आणि शुक्रवार. त्याच आठवड्याच्या सोमवारी लेबर डे होता, म्हणजे तिकडचा उन्हाळा संपल्याची खूण. गाड्यांच्या कारखान्यांचं हे शहर तेव्हा तेलसंकट आणि मंदीतून जात होतं, कामगारांना घरी बसवलं जात होतं. कोबो हॉल डेट्रॉईट नदीच्या काठाला, पलीकडच्या तीरावर कॅनडाचं विंडसर. आत साधारण बारा हजार माणसं मावायची. त्यातल्या बऱ्याच जणांनी सीगरला शाळेच्या जिममध्ये किंवा क्लबात, दहा-पंधरा फुटांवरून ऐकलेलं असणार.

म्हणून ऐकताना हे धरून चला, की या हॉलमध्ये गाण्याची ओळख करून द्यायची गरजच नव्हती.

लावायचं कसं

शफल बंद करा. ही एकच गोष्ट पाळलीत तरी अर्धं काम होईल. गाण्यांच्या मधला पब्लिकचा आवाज सलग वाहत राहतो. क्रम मोडला की तो मधेच कापल्यासारखा तुटतो आणि आपण हॉलमधून बाहेर फेकले जातो. अ‍ॅपमध्ये एक गाणं दुसऱ्यात मिसळवणारा 'क्रॉसफेड' असतो, तोही बंद. दोन गाण्यांत खंड न पाडणारी 'गॅपलेस' नावाची सोय असेल तर ती चालू.

सीगरची गाणी स्ट्रीमिंगवर फार उशिरा, २०१७ च्या जूनमध्ये आली. त्याआधी कुणी शोधून थकला असाल तर आता पुन्हा बघा. मूळ अल्बम चौदा गाण्यांचा, सत्तर मिनिटांच्या आसपास. शेवटी पंधरावं गाणं दिसलं तर ते नंतरच्या आवृत्तीत जोडलेलं आहे. पहिल्या वेळी चौदावं 'लेट इट रॉक' संपलं की थांबा.

जमल्यास स्पीकरवर ऐका. इअरफोनवर बँड छान कळतो, पण पब्लिक डोक्याच्या आत कोंडल्यासारखं वाटतं. खोलीत स्पीकर थोडे लांब ठेवले की तोच आवाज समोर पसरतो. बेस फार वाढवू नका. १९७५ चं रेकॉर्डिंग आहे. बेस चढवला की ख्रिस कॅम्पबेलची बेस गिटार आणि ड्रमचा मोठा ठोका एकमेकांत कालवले जातात.

जुनी एलपी घेणार असाल तर कव्हर उघडून आत दोन्ही तबकड्या आहेत का ते दुकानातच पाहा, आणि लेबलवर बाजू १ ते ४ पुऱ्या आहेत ना तेही. जुन्या डबल एलपीत दुसऱ्याच अल्बमची तबकडी निघण्याचा प्रकार सर्रास होतो. माझ्या पहिल्या प्रतीत तो झाला. दुकानदारानं बदलून दिली नाही, आणि चूक माझीही होती, मी बघितलंच नव्हतं.

सुरुवात मधूनच करा: 'टर्न द पेज'

पहिल्याच दिवशी सत्तर मिनिटं बसू नका. आधी फक्त हे एक गाणं.

हे आधी १९७३ च्या 'बॅक इन ७२' या अल्बमात आलं होतं. तो अल्बम आज सहज मिळत नाही, त्याची अधिकृत सीडीसुद्धा निघाली नाही. त्यामुळे जग हे गाणं ओळखतं ते कोबो हॉलमधल्याच रूपात. मेटॅलिका या बँडनं १९९८ मध्ये ते पुन्हा गायलं म्हणून तुमच्यापैकी काहींच्या कानावर असेल.

सुरुवातीला सॅक्सोफोन येतो. वाजवणारा आल्टो रीड. गाणं प्रथम रेकॉर्ड करताना बँडबरोबर फिरणाऱ्या टॉम वेश्लरनं त्याला सुचवलं होतं, की पहाटे तीनला न्यूयॉर्कच्या रस्त्यावर दिव्याच्या खांबाखाली उभा आहेस अशी कल्पना कर आणि वाजव. ते चित्र डोळ्यांपुढे ठेवून ऐका. सूर वर चढतो, तिथे थोडा थरथरतो आणि घसरत खाली येतो. या सुरावटीला घाई अजिबात नाही. आपल्याकडे शहनाईनं मंगल वातावरण उभं राहतं, तसं इथे दोन ओळींत रात्र उभी राहते, रिकामा रस्ता, हेडलाइटचा उजेड.

मग सीगर गायला लागतो. ओमाहाच्या पूर्वेचा हायवे, इंजिनाची घरघर, सोळा तास गाडी चालवल्यावरचा शीण. मग रस्त्याकडेच्या हॉटेलात शिरणं, आणि लांब केस बघून सगळ्या माना वळणं. १९७०च्या सुमारास अमेरिकेच्या आतल्या भागात लांब केसांच्या पोरांना हे खरोखर सोसावं लागत होतं. सीगर आणि त्याच्या साथीदारांच्या वाट्याला ते आलेलं होतं.

आता दुसऱ्यांदा लावा आणि या वेळी शब्द सोडून पब्लिककडे कान द्या. सबंध अल्बममध्ये धुमाकूळ घालणारे हे बारा हजार लोक इथे केवढे सांभाळून आहेत! गाणाऱ्याला जागा देतात. परगावी आपली कशी उपेक्षा होते हे तो सांगतोय, आणि सांगतोय ते आपल्या घरच्या माणसांना. हे गाणं दुसऱ्या गावात रेकॉर्ड झालं असतं तर शब्द तेच राहिले असते, पण ऐकणारे वेगळे असते. मला या एका गाण्यासाठी हा अल्बम घरात हवा असतो.

दुसऱ्या दिवशी: दोन गाण्यांमधला जोड

दुसरं आणि तिसरं गाणं, 'ट्रॅव्हलिन मॅन' आणि 'ब्यूटिफुल लूझर', सलग ऐका. त्याआधी मात्र थोडा गृहपाठ करा.

एप्रिल १९७५ मध्ये सीगरचा 'ब्यूटिफुल लूझर' हा स्टुडिओ अल्बम आला होता. कोबो हॉलमधल्या चौदापैकी पाच गाणी त्यातली आहेत, जेमतेम पाच महिने जुनी. त्या अल्बममध्ये 'ब्यूटिफुल लूझर' पहिल्या बाजूला सुरुवातीलाच आहे, आणि 'ट्रॅव्हलिन मॅन' दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला. म्हणजे तबकडीवर दोघांची पाठ एकमेकांना लागलेली. आधी ती दोन्ही स्टुडिओतली ऐका. नीटनेटकी, शांत, चांगली गाणी आहेत.

मग कोबो हॉल लावा. स्टेजवर या लोकांनी क्रम उलटा केला आणि दोन्हींना एकत्र शिवून टाकलं. 'ट्रॅव्हलिन मॅन' शेवटाकडे चढत जातं, आता संपणार असं वाटतं, आणि तिथूनच दुसऱ्याचे सूर उगवतात. शिवण कुठे आहे ते पहिल्या वेळी कळणारही नाही. दोन-तीनदा मागे जाऊन ऐका. एक फिरत्या माणसाचं गाणं, दुसरं सगळं हवं असणाऱ्या आणि म्हणून काहीच हाती न लागणाऱ्या माणसाचं. शेजारी आली की दोन्ही एकाच माणसाची वाटू लागतात. अमेरिकेतल्या एफएम स्टेशनांनी नंतर ही जोडी फोडली नाही, एकामागून एक अशीच लावत राहिले. आज स्टुडिओतलं 'ब्यूटिफुल लूझर' एकटं लागलं की मला पायऱ्या न चढता थेट माडीवर उभं केल्यासारखं वाटतं.

ड्रम वाजवणारा चार्ली अ‍ॅलन मार्टिन मागून गातोही. त्याचा हात या जोडावर नीट ऐका. लय न हलवता दोन गाण्यांचा भार तोच एकातून दुसऱ्यात नेतो. १९७७ मध्ये त्याला एका गाडीनं उडवलं आणि त्याचे पाय कायमचे गेले. तो ज्या जोमात इथे वाजवतोय ते ऐकताना हे आठवल्याशिवाय राहत नाही.

तिसरी पायरी: पब्लिक हेच वाद्य

'हेवी म्युझिक' हे दहावं गाणं. १९६७ मध्ये ते छोट्या तबकडीच्या दोन बाजूंवर दोन भागांत निघालं होतं. तेही हल्ली उपलब्ध आहे. २०१८ मध्ये त्या काळातली त्याची रेकॉर्डिंग्ज एकत्र निघाली. मूळ भाग दोन-अडीच मिनिटांचा. कोबो हॉलमध्ये तेच गाणं आठ मिनिटांच्या आसपास जातं.

वाढलेली ही मिनिटं नुसत्या गिटारची नाहीत. सीगर गाणं खाली आणतो, बँड मागे सरतो, आणि तो पब्लिकशी देवाणघेवाण सुरू करतो. कीर्तनकार चाल धरतो आणि मांडव ती उचलून परत करतो, तसं. लक्षात घ्या, हे गाणं आठ वर्षं जुनं होतं आणि मिशिगनबाहेर फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं. इथे मात्र शिकवावं लागत नाही. जी मुलं १९६७ मध्ये पंधरा वर्षांची होती, ती आता तेवीसची आहेत, कारखान्यात किंवा कॉलेजात आहेत, आणि त्यांना ते पाठ आहे.

याच्या आधीचं 'रॅम्ब्लिन गॅम्ब्लिन मॅन' आणि नंतरचं 'काटमांडू' धरून तिन्ही सलग ऐका. 'काटमांडू'त सीगर म्हणतो की इथे आपल्याकडे कुणी बघत नाही, तर मी आपला नेपाळला निघालो. साठ-सत्तरच्या दशकांत युरोप-अमेरिकेतली तरुण मुलं जमिनीवरच्या रस्त्यानं पूर्वेकडे यायची. त्यांच्या वाटेवर काठमांडू होतं आणि गोव्याचे किनारेही होते. हणजूण-कळंगुटच्या लोकांनी ही मंडळी जवळून पाहिली आहेत. सीगरचं काठमांडू म्हणजे त्या वाटेचं लांबून पाहिलेलं स्वप्न. आणि गंमत अशी, की 'इथे मला कोण विचारतो' हे तो ज्यांच्यासमोर ओरडून सांगतोय, ते त्याला जिवापाड विचारणारे लोक आहेत. त्यांना ते कळतंय आणि ते दुप्पट जोरानं ओरडतायत.

दोन गाण्यांच्या मधे एके ठिकाणी सीगर बोलतो. म्हणतो, काल रात्री सांगितलं तेच सांगतो, 'रोलिंग स्टोन' मासिकात वाचलं की डेट्रॉईटचं पब्लिक जगातलं सगळ्यात भारी रॉक अँड रोल पब्लिक आहे. आणि पुढे म्हणतो, हे तर मला दहा वर्षांपासून माहीत आहे. (मूळ वाक्यात एक शिवीही आहे, घरात लहान मुलं असतील तर सांभाळून.) 'काल रात्री' या शब्दांवरून कळतं की हा तुकडा दुसऱ्या रात्रीचा, शुक्रवारचा. ती जागा तुम्हीच शोधा. त्यानंतर उठणाऱ्या आवाजाला नुसता जल्लोष म्हणून मी सोडत नाही. मंदीत भरडल्या जाणाऱ्या शहराला त्याच्याच माणसानं चांगलं म्हटलं होतं.

आता सगळं, क्रमानं

सत्तर मिनिटं मोकळी काढा. फोन दुसऱ्या खोलीत.

सुरुवात 'नटबुश सिटी लिमिट्स'नं होते. हे टीना टर्नरनं टेनेसीमधल्या आपल्या लहानशा गावावर लिहिलेलं गाणं, आणि आइक आणि टीना टर्नर या जोडीची रेकॉर्ड १९७३ ची. आपल्या गावातला कार्यक्रम सीगर दुसऱ्या कुणाच्या तरी गावाच्या गाण्यानं उघडतो, हे मला फार आवडतं. गळा पहिल्याच ओळीला पूर्ण उघडलेला.

चौथ्या गाण्याशी, 'जोडी गर्ल'शी, अल्बम एकदम हळू होतो. इथे उठू नका. लवकर लग्न होऊन घरात अडकलेल्या मुलीचं गाणं आहे. पुढे व्हॅन मॉरिसनचं 'आय हॅव बीन वर्किंग', मग आपलं ओळखीचं 'टर्न द पेज'. 'यू. एम. सी.' ही वरच्या मध्यमवर्गात जाण्याची इच्छा, ठेका धरायला लावणारी. 'बो डिडली' मला थोडं लांबल्यासारखं वाटतं, पण ड्र्यू अ‍ॅबटची गिटार आवडणारे मला वेड्यात काढतील.

'लुकिंग बॅक' हे १९७१ चं गाणं, ते छोट्या तबकडीवर आलं होतं आणि मिशिगनमध्ये चाललं होतं. त्यानंतर 'गेट आउट ऑफ डेन्व्हर'. शब्द पकडायचा प्रयत्न पहिल्या वेळी करूच नका, एवढ्या वेगात ते सुटतात. रॉबिन रॉबिन्सच्या कीबोर्डवर लक्ष द्या. शेवटी चक बेरीचं 'लेट इट रॉक', ताणून आठ मिनिटांच्या वर नेलेलं. इथे आवाज थोडा वाढवायला हरकत नाही.

ऐकताना सीगरचा गळा बघा. तो गोड नाही. खरखर आहे, आणि शेवटच्या गाण्यांत ती वाढते. दोन रात्रींचा माल असला तरी एकाच रात्रीचा थकवा ऐकू आल्याचा भास होतो, कारण क्रम तसा लावलाय. स्वच्छ, घोटीव आवाजाची सवय असेल तर एक-दोन दिवस कानाला टोचेल. नंतर त्याच खरखरीची ओढ लागते.

पुढे काय झालं, आणि पुढे काय ऐकायचं

१२ एप्रिल १९७६ ला कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीनं हा अल्बम बाजारात आणला. अमेरिकेच्या अल्बमांच्या यादीत तो ३४ व्या क्रमांकाच्या वर गेला नाही. पण उतरलाही नाही, १६८ आठवडे टिकून राहिला. ज्यांनी सीगरचं नाव ऐकलं नव्हतं ते एकमेकांच्या घरी ही डबल एलपी ऐकत होते. त्याच जूनमध्ये डेट्रॉईटजवळच्या पाँटिअ‍ॅकच्या स्टेडियमवर सत्तर हजारांहून जास्त लोक त्याला ऐकायला आले. ऑक्टोबरमध्ये 'नाइट मूव्ह्ज' हा पुढचा अल्बम आला आणि मग सगळ्या देशाला तो कळला.

तुम्हाला शहराची चव लागली असेल तर मागे जा. एमसी-फाइव्ह या बँडचा 'किक आउट द जॅम्स', ३० आणि ३१ ऑक्टोबर १९६८ ला डेट्रॉईटच्याच ग्रँडे बॉलरूममध्ये घेतलेला. तोही घरच्या पब्लिकसमोरचा, पण फार आक्रमक. कान तयार झाल्याशिवाय लावू नका. किस या बँडच्या 'अलाइव्ह!' अल्बममधला काही भाग मे १९७५ मध्ये याच कोबो हॉलमध्ये रेकॉर्ड झाला. ते न्यूयॉर्कचे, म्हणजे इथे पाहुणे. तोच हॉल पाहुण्यांचं स्वागत कसं करतो ते त्यात ऐकू येतं.

कोबो हॉलचं नाव आता हंटिंग्टन प्लेस आहे आणि गाण्याचं ते मोठं दालन त्या रूपात उरलेलं नाही. डेट्रॉईटजवळच्या नोव्ही, ट्रॉय, कँटन या भागांत आपली बरीच मंडळी गाड्यांच्या कंपन्यांत आहेत. तिकडे असाल तर एखाद्या संध्याकाळी नदीकाठी गाडी लावून चौदा गाणी ऐका, समोर विंडसरचे दिवे असतात.

आणि 'लाइव्ह बुलेट' पुरता अंगात भिनला की 'नाइन टुनाइट' काढा. १९८१ चा अल्बम, पुन्हा लाइव्ह, काही भाग बॉस्टनचा आणि काही जून १९८० मधल्या कोबो हॉलचा. तोवर सीगर देशभराचा झाला होता आणि गाणी रेडिओवर सगळ्यांनी ऐकलेली होती. ड्रमवर दुसरा माणूस आहे, आल्टो रीड तोच. पहिल्या दोन गाण्यांत फक्त पब्लिक ऐका, आणि लगेच उठून 'हेवी म्युझिक' पुन्हा लावा.